रक्तातलं बुबुळ

डोळेमास्तर कृत्रिम डोळ्यांची बुबुळं रंगवत. गिऱ्हाइकाचा शाबूत डोळा तासभर न्याहाळायचा आणि त्याची जोडी शर्टाच्या बटणाएवढ्या चकतीवर उतरवायची. शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू. वडीलही हेच करत. त्यामुळे "हे रक्तातच असावं लागतं" हे वाक्य गिऱ्हाइकाला डोळ्याबरोबर फुकट मिळे.

अलीकडे हात कापू लागला, तेव्हा खिडकीजवळची खुर्ची मुलाला द्यायचं ठरलं. मुलगा काम वरच्या खोलीत नेई, शांतता हवी म्हणून. खाली येई ते अप्रतिम बुबुळ. मास्तर सुखावत. सून रंग घोटायची.

त्यातच विद्यापीठातल्या संशोधक बाई आल्या. सर्जनशीलतेचं मूळ जनुकांत सापडतं का, हे पाहण्यासाठी त्या कारागीर घराण्यांची थुंकी गोळा करत होत्या. "यात हजारो जनुकं गुंतलेली असतात. एकट्या माणसाबद्दल यावरून काहीच सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं आणि जाहीर केलं, "अहवाल आला की खुर्ची देतो."

मुलाचं धाबं दणाणलं. त्याने थुंकीसाठी दिलेली नळी घेतली आणि वर जाऊन बायकोपुढे धरली.

"हेही मीच करू?" तिने विचारलं.

महिन्याभराने बाई आल्या त्या जरा अवघडूनच. "मुलाच्या नळीत कुणा स्त्रीची थुंकी आहे. तुमच्यापैकी कुणाशी तिचं नातंही लागत नाही."

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने छताकडे.

"वर काय बघतोस? माझ्याकडे बघ," शेजारी बसलेली त्याची आई म्हणाली. "कोण थुंकलं?"

"ही," मुलगा पुटपुटला.

"सगळंच सांगून टाक," सून म्हणाली. "हप्त्याहप्त्याने नको."

मग बुबुळांचंही निघालं. दोन वर्षांची सगळी तिच्याच हातची होती. त्यातल्या एकात मास्तरांना स्वतःच्या वडिलांचा हात दिसला होता, आणि ते त्यांनी चार लोकांत सांगितलंही होतं.

मास्तर अखेर खुर्चीवरून उठले.

"बस, सूनबाई. पुढे नातवंडांत तुझं रक्त येईलच. तोवर सांभाळ."

मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. सून बसली, चकती पुढे ओढली.

"बाबा, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."