चिवडा कुणाचा

छावणी भागात खाली माझं फरसाणाचं दुकान आणि वर घर. जीएसटी लागू झाल्यावर सीए धरणं भागच होतं, म्हणून पिशोरकडच्या एका सीएंना गाठलं. मी गेलो होतो त्यांची पारख करायला, पण प्रश्न त्यांनीच विचारले.

"घरी चिवडा कुठनं नेता?"

"आपल्याच दुकानातून की."

"दुकान येगळं, तुम्ही येगळे. दुकानात तुम्ही बी गिऱ्हाईकच." हे वाक्य ते नेहमी डोळे मिटून म्हणतात, देवाचं नाव घ्यावं तसं.

परवा ते घरी आले. बायकोनं चिवडा पुढं करताच त्यांनी हात आखडला.

"वहिनी, हा दुकानाचा का घरचा? दुकानाचे हिशेब मी तपासतो, दुकानाचा मला चालत नाय."

"घरचाच आहे, भाऊ."

मग त्यांनी सावकाश दोन ताटल्या संपवल्या, "लई झकास" म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "घरचा म्हणजे बिल फाडलं असंल ना?"

मी खाली गेलो, माझ्याच नावाचं बिल फाडलं आणि वर आणून दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरून वाचलं आणि रिकामी ताटली पुढं केली.

"वहिनी, आणा अजून थोडा. मघाचा काही नीट घशाखाली उतरला नाय."