बशी फुटली तरी नळ बंद

इमारतीत बातमी अशी, की आत्याने रागाच्या भरात दवाखान्याचा संगणक आपटला, म्हणून तिला हाकललं. खालच्या काकू तर हातवारे करून दाखवतात, "अस्सा उचलला म्हणे, अस्सा!" साफ खोटं. आत्या कपाटाचं दारसुद्धा आपटत नाही.

खरं असं. दवाखान्यात रुग्णांचे नंबर लावणारा प्रोग्राम ती पायथनमध्ये लिहायची. डेटाबेसशी जोडणी उघडली, की ती बंद झालीच पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून ती सगळं काम 'विथ' या आज्ञेच्या आत ठेवायची. आत शिरताना जोडणी उघडते, बाहेर पडताना आपोआप मिटते; मध्ये काम कोसळलं तरी.

शेजारच्या टेबलावर जुळी. सख्खी नव्हे, दोघी एकाच डब्यात जेवायच्या, म्हणून ऑफिसने ठेवलेलं नाव. तिला तिथे नोकरीला चिकटवलं आत्यानेच.

एका दुपारी जुळी म्हणाली, "अगं, माझं मशीन झोपलंय. तुझ्या मशीनवर बसू?"

"बस की, विचारतेस काय!"

जुळीने घाईत विथ काढलं. जोडणी वर उघडली, तळाशी बंद केली. पण मध्येच चूक झाली, तर तळाची ओळ चालणार कुठून? उघड्या जोडण्या साचत गेल्या आणि डेटाबेस तुंबला. सकाळी खिडकीपुढे ही रांग, आणि नंबरांचा पडदा ढिम्म.

साहेब घशात चमचा अडकल्यासारखे बोलतात. "म्हणजे... काय आहे... बदल तुमच्या नावावर दिसतोय."

आत्याने जुळीकडे पाहिलं. आता बोलेल, मग बोलेल. जुळी पेनाचं टोपण काढत-लावत म्हणाली, "तो भाग मॅडमच बघतात."

मॅडम! नोकरी गेली ती गेली, पण हा शब्द काही घशाखाली उतरेना. तिने टेबल आवरलं, कप धुऊन पालथा घातला आणि निघाली.

परवा जुळीचा फोन आला. मी लगेच आत्याशीच पैज लावली: ती विरघळणार, गळ्यात गळा घालणार. हरले तर आठवडाभर भांडी माझी.

"अगं, परत अडकलंय गं! सांग ना!" मधात बुडवलेला आवाज.

आत्याने शांतपणे सगळं सांगितलं. रांगेतल्या माणसांनी तिचं काय घोडं मारलं होतं? मी जिंकल्याच्या थाटात टाळी वाजवणार, तोच ती म्हणाली, "झालं? आता हा नंबर मी काढून टाकतेय."

"अगं, पण..."

"मॅडम म्हणायचं."

फोन बंद.

काल पैजेची भांडी घासताना माझ्या हातून बशी निसटली. बाहेरून आत्या ओरडली, "फुटली ना? आधी नळ बंद कर!"