पुदिन्याचा सॉस आणि बाबांचा प्रश्न

आज हॉलमध्ये पुदिन्याच्या सॉसचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षांसोबत वकिलांच्या या जुन्या हॉलमध्ये जेवणंही करावी लागतात. शिकत असताना अशाच एका जेवणाला मी नागपूरहून आलेल्या बाबांना घेऊन आले होते. समोर मटणावर हाच सॉस, भिंतीवर विग घातलेल्या एका माणसाचं चित्र. शेजारचे म्हातारे बॅरिस्टर चित्राकडे बोट दाखवत अभिमानाने म्हणाले, "हे इथेच शिकले. मग अमेरिकेत विधिमंडळात गेले, स्वातंत्र्यावर काय भाषणं केली!"

बाबांनी विचारलं, "यांच्या घरी पानं कोण वाढायचं?"

"गुलाम. पण तो काळच तसा होता."

"वाढणाऱ्यांचाही काळ तोच होता ना? त्यांना काय वाटत होतं?"

म्हातारे बॅरिस्टर हसले. "तुझे वडील फार चार्मिंग आहेत," असं मला म्हणून त्यांनी वाइन मागवली. चार्मिंग! आयुष्यभर कोर्टात उलटतपासण्या घेतलेला माणूस!

बाबा आता नाहीत. चित्राखाली 'स्वातंत्र्याचा कैवारी' ही पाटी मात्र अजून चकचकीत आहे. साक्षीदार टाळाटाळ करायला लागला की बाबा जे म्हणायचे, तेच आज त्या भिंतीवर ओरडावंसं वाटतं: हसू नका, प्रश्नाचं उत्तर द्या.