चालत्या पट्ट्याला राळ

टेंभुर्णीतल्या आमच्या पिठाच्या गिरणीचे काका बायकांना दारातच दटावतात, "पदर खोचा, मंगच आत या." एकदा माझी ओढणी मोटरच्या फिरत्या पट्ट्याकडे उडाली, तर त्यांनी भरल्या जात्यावर मोटर बंद केली. सगळ्यांचं दळण खोळंबलं.

पण पट्टा घसरू लागला की ते स्वतः चालत्या पट्ट्यालाच हाताने चिकट राळ चोळतात. गळ्यातला रुमाल तसाच लोंबत असतो.

"काका, बंद करून लावा ना!"

"बंद पट्ट्याला राळ बराबर बसत न्हाई, माय. कालेजात एवढंबी शिकवत न्हाईत का?"

दळण होईपर्यंत मी मोटर बंद करायच्या बटनापाशी उभी राहते. त्यांना वाटतं, मला घरी जायची घाई आहे.