खिसा नसलेला सदरा

माझ्या पानटपरीला लागूनच गुरुपादप्पाचं शिवणाचं दुकान. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात टेप. गावात कुणाचं पोट सुटलं, कुणाचं आत गेलं, हे डॉक्टरच्या आधी त्याला कळायचं. बहात्तरच्या दुष्काळात तर सगळ्यांचीच मापं उतरली.

माणूस सरळ, म्हणून पंचनाम्याला पोलिसांचा कायमचा पंच. जमादार यायचा, कोरा कागद पुढं करायचा, "अप्पा, सही." अप्पा मशीन थांबवून सही करायचा. इज्जतीची गोष्ट वाटायची त्याला. दुसरी सही माझी. मला तर फुकटचा मान मिळतोय याचाच आनंद.

त्या वर्षी कॉलेजच्या पोरांनी परीक्षेची फी माफ करा म्हणून तहसीलवर मोर्चा नेला. घरी प्यायला पाणी नाही, फी कुठून भरणार? सरकारनं लाठ्यांनी उत्तर दिलं. देवणीकडच्या भुजंगाचं डोकं फुटलं आणि वर त्यालाच अटक झाली. संध्याकाळी जमादार आला, आम्ही नेहमीसारख्या सह्या दिल्या.

त्या कागदावर नंतर काय लिहिलं, ते खटला उभा राहिल्यावर कळलं. भुजंगाच्या सदऱ्याच्या खिशात म्हणे चार दगड सापडले.

त्याची आई गुणाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. रक्ताचे डाग पडलेला सदरा घेऊन ती दुकानात आली.

"अप्पा, तुमीच शिवला न्हवं? कापड पुरंना म्हणून खिसा लावलाच न्हाई. कोर्टात तेवढंच सांगा. वकील म्हणतो, शिवणाऱ्यानं वळखल्याबिगर ह्यो त्योच सदरा हाय हे कुणी मानायचं न्हाई."

"सांगतो, माय," अप्पा म्हणाला. सांगणारही होता तो.

साक्षीच्या आदल्या दिवशी जमादार पुन्हा आला. "कोऱ्या कागदावर सही केली म्हणालात, तर आधी तुम्ही दोघं आत."

कोर्टात पहिला नंबर माझा होता. मी जमादारानं पढवलेलं सगळं बोललो. खोटं बोललो, आता आडपडदा कशाला. मग अप्पा उभा राहिला. त्यानं खरं सांगितलं असतं, तर मी खोटा पडलो असतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

सरकारी वकिलानं विचारलं, "दगड तुमच्यासमोर निघाले?"

"हाव. खिशातून."

मागं गुणाबाई बसली होती, मांडीवर तो सदरा.

भुजंगाला तीन महिन्यांची सजा झाली. दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला, फटाके वाजले, नव्या कचेरीत कारकुनांची भरती निघाली. भुजंग परीक्षा पास झाला, पण पोलिसांच्या पडताळणीत ते चार दगड पुन्हा निघाले. आता तो मोंढ्यात धान्याची पोती उचलतो. गुणाबाई तर त्याची नोकरी बघायच्या आशेवरच गेली.

परवा भुजंग दुकानात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. लेकाच्या शाळेच्या सदऱ्याचं कापड त्यानं मशीनवर ठेवलं.

"कापड लई हाय, अप्पा. पर खिसा लावू नका."

तो गेल्यावर अप्पानं कापड पसरलं. मग त्यानं सदरा बेतला. खिशापुरता तुकडा उरला. तो घेऊन अप्पा टपरीवर आला आणि माझ्या हातात ठेवून म्हणाला, "ठिव. आपल्या दोघांचा हाय."