बारीक झालेली अक्षरं

"त्या इंग्रजी मेलवाल्या ताईच्या मैत्रिणीचं सासरी बिलकुल पटंना म्हणं."

नेट कॅफेवाला दादा दारातल्या जीपवाल्याला सांगत होता. मी प्लायवूडच्या आडोशामागे कॉम्प्युटरपुढे बसले होते. मी आत आहे हे तो विसरला असावा.

"तुला कुणी सांगितलं रे?"

"सगळ्यांच्या मेल मीच बघून राह्यलो ना. पोस्टमन हाय मी जाफराबादचा!"

दोघं हसले.

ते खरंच होतं. गावात सगळ्यांचं मेलचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं. रोज सकाळी तो एकेकाची मेल बघायचा. कुणाला नोकरीचं बोलावणं आलं असलं, की जीपवाल्याबरोबर खेड्यावर निरोप धाडायचा. लोक त्याला दुवा द्यायचे. मी मात्र पासवर्ड बदलला होता. शिवाय मी आणि ती मैत्रीण शाळेपासून इंग्रजीतच लिहायचो. इथं ते कोण वाचणार, असं मला वाटायचं.

न वाचलेली मेल जाड अक्षरांत दिसते. तिची त्या दिवशीची मेल मी उघडण्याआधीच बारीक अक्षरांत होती. मी बसले होते ती खुर्ची एकदम कुणाच्या तरी अंगानं कोमट असल्यासारखी वाटली.

तिनं लिहिलं होतं, तो पुन्हा मारायला लागलाय. मी घर सोडणार आहे. कधी, ते पुढच्या मेलमध्ये कळवते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे ती औरंगाबादला असली, तरी तिचे सासू-सासरे कॅफेच्याच गल्लीत राहायचे. ती तारीख गल्लीतून माझ्याआधी तिच्या नवऱ्याला कळली असती.

पैसे देताना मी दादाला पासवर्डचं विचारलं.

"ताई, तुम्ही कितीबी बदला, मशीन ध्यानात ठेवतं," तो मायेनं म्हणाला. "मीच तसं करून ठेवलंय. तुम्हाला दरवेळी टाकायचा ताप नको."

मी मान हलवून बाहेर पडले. आजही नवी मेल आली, की कुणाची आहे ते नंतर बघते. आधी अक्षरं जाड आहेत ना, ते बघते.

त्या दिवशी मी तशीच स्टँडवर गेले. तिथल्या एसटीडी बूथचं दार नीट लागत नव्हतं. बूथवाल्यानं पेपर खाली घेतला होता. पलीकडे फोन तिनंच उचलला.

"अगं, बोल ना," ती म्हणाली. तिच्यामागे टीव्ही चालू होता. मग कुणीतरी त्याचा आवाज कमी केला.

एकटीनं मी कधी तालुक्याबाहेर गेले नव्हते.

"आता काही लिहू नकोस," मी म्हणाले. "मीच येते."