वरच्या खिशातली गोळी

"तुम्ही घ्या आधी," औषधांच्या दुकानात माझ्या पुढे उभे असलेले गृहस्थ बाजूला सरकत म्हणाले.

"छे छे, तुमचं होऊ द्या," मीही म्हणालो. दुकान रिकामं व्हायची वाट दोघेही बघत होतो, आणि ते दोघांनाही कळलं.

घराजवळच्या दुकानात मला सगळे ओळखतात, म्हणून तर मी इतक्या लांब आलो होतो. माझी अँजिओप्लास्टी मी सोसायटीभर रंगवून सांगितली; ही बेडरूममधली तक्रार मात्र डॉक्टरांपुढेही तोंडातून निघेना. शरीराने एका बाबतीत साथ सोडली, तर माणूस एवढा चोरटा का होतो?

शेवटी मित्राने लिहून दिलेलं नाव मीच पुढे केलं. "जेनेरिक द्या, स्वस्तातली."

काउंटरवरच्या बाईंनी सरळ विचारलं, "काका, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी आहे का तुम्हाला?"

माझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"मग ही अजिबात नको. दोन्ही मिळून बीपी एकदम उतरतं, जिवावर बेततं. आधी डॉक्टरांशी बोला. ते लिहून देतील ते स्वस्तातलं मी देते."

घराजवळच्या दुकानदाराला हे विचारावंही लागलं नसतं.

मी वळलो. ते गृहस्थ तिथेच उभे होते, स्वतःचा खिसा चाचपत.